मंगळवार कोरा

जेवण आटोपलं की त्सिरिल टेबल पुसतो,
कोरडं झालंय का ते तळव्यानं बघतो,
मग नकाशा उलगडतो.
कोपऱ्यांवर वजनं: मीठदाणी, सुकलेलं लिंबू, माझा चष्मा
आणि निरोपाच्या दिवशी स्टेशननं दिलेली शिट्टी.

छत्तीस वर्षं पॉडबर्दोच्या फलाटावर उभं राहून
ह्यानं गाड्या बोगद्यात सोडल्या.
पलीकडे बोहीन. जेमतेम दहा मिनिटं.
दहा मिनिटांवरचं ते राष्ट्रीय उद्यान
आम्ही ठेवून दिलं,
पाहुण्यांसाठी राखलेल्या कपबशांसारखं.
दुरून डोंगर साजरे म्हणतात.
आम्ही तर त्याच्या पायथ्याशी कपडे वाळत घातले.
ढग आधी त्याच्यावर बसतो, मग दोरीकडे धावायचं,
इतकीच ओळख.

पहिल्या रात्रीचा बेत म्हणजे वेळापत्रकच:
सात बेचाळीसला निघणे. आठ दहाला तळे.
आठ पंचावन्नपर्यंत तळे पाहून होईल.
मी शेंगा सोलत होते, सोलत राहिले.
दुसऱ्या रात्री सात बेचाळीस खोडून त्यानं लिहिलं: सकाळी.
तिसऱ्या रात्री "सकाळी"ही गेलं.

नातवानं, येर्नेयनं, यादी पाठवली होती.
दोन दिवस, अकरा ठिकाणं, बाणांच्या खुणा,
खाली "आजोबा, सहज होतं".
त्सिरिलनं ती तार आल्यासारखी उभ्यानं वाचली,
चार घड्या घातल्या
आणि टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवली.
टेबल आता डुगडुगत नाही.

धबधब्याला पाचशेवर पायऱ्या.
"अर्ध्यात बाक असेल?"
हे नकाशा सांगत नाही, म्हणून त्यानं फोन लावला
स्तारा फुझिनाच्या रेझ्काबाईंना, ज्यांची खोली घेतलीय.
मग विचारलं, खिडकीत ऊन कधी येतं.
दूध तिथलंच का.
अंगणात बसायला काही आहे का.
त्या म्हणाल्या, बाकडं आहे,
पण त्यावर आमची बदक बसते, तिला विचारावं लागेल.
त्यानं वहीत टिपून घेतलं: बदक.

राहता राहिला त्रिग्लाव.
आयुष्यात एकदा तरी तो चढावा असा इथला रिवाज,
नाही चढलात तर शेजारीण पाव्लिना दर उन्हाळ्यात
कुंपणावरून चौकशी करते.
त्सिरिल अडुसष्टचा. चढलेला नाही.
आधी ड्यूटी आडवी यायची, आता डावा गुडघा येतो.
काल त्यानं शिखरावर बोट ठेवलं.
तिथं रेषा इतक्या दाटीनं बसलेल्या
की बोटाखाली कागद काळा दिसतो.
मग बोट हळूहळू उतरलं,
रेषा सैल झाल्या, एकमेकींपासून लांब गेल्या,
एका कुरणापाशी तर जवळजवळ नाहीशाच.
"इथं."
"इथून तो दिसेल?"
"ढग नसले तर."
"आणि असले तर?"
"तर बुधवारी."

आज बेत पक्का झाला. रविवार ते गुरुवार.
रविवारी पोचणे. सोमवारी तळ्याकाठी, जमेल तितकं.
मंगळवार कोरा.
गाडी तीन मिनिटं उशिरा आली
तरी लाल शाईनं नोंद करणारा हा माणूस,
आणि मंगळवारपुढे नुसता कागद.
मला राहवेना. पेन्सिल घेतली:
कुरणावरच्या खोपटात आंबट दूध मिळतं, तेवढं तरी लिहू.
त्यानं माझं मनगट धरलं.
"मिळालं तर पिऊ, मिलोय्का. लिहू नकोस."

वेळ लिहिलीय फक्त एकाच गोष्टीपुढे:
बोगदा, दहा मिनिटं.
डबा उघडायचा नाही. बोलायचं नाही.
"हे काय नवीन?"
"ऐकायचंय, आतून गाडी कशी वाजते ते."
"शंभरदा गेलायस की."
"कामाला गेलो. हातात कागद असायचे."

मी माझा चष्मा उचलला.
नकाशाचा तो कोपरा आपसूक गुंडाळला गेला,
आणि त्याच्याखाली तळं.